चौसष्टावी गच्ची

चिलारवाडीत मला कोणी नाही म्हणत नसे. ही माझ्या कर्तबगारीची खूण आहे, असं मी चांगले अकरा महिने समजत होतो.

मी शंतनू भोईटे, येरळाकाठ सहकारी वीज संस्थेचा घरगुती ऊर्जा अधिकारी. पद ऐकायला भारदस्त आहे, काम साधं. सभासदांच्या घरी जायचं, वीज कुठे वाया जाते ते बघायचं आणि जुना पंखा बदला, फ्रीज भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, छपरावर पॅनल बसवा असं सांगत फिरायचं. लोक शांतपणे ऐकून घेतात, चहा पाजतात आणि मी फाटकाबाहेर पडलो की स्वतःला हवं तेच करतात. बाकी सगळ्या गावांत हाच अनुभव. चिलारवाडीत मात्र मी आज फ्रीज ओढा म्हणालो, की उद्या फ्रीज ओढलेला. गावात शिरलो की म्हातारी माणसंसुद्धा कट्ट्यावरून उठून उभी राहायची. मला वाटायचं, आपलं समजावून सांगणंच तसं प्रभावी आहे.

चिलारवाडी माझी सासुरवाडी आहे, हे सांगायचं राहिलंच.

तर ही गोष्ट २०३७ सालच्या उन्हाळ्याची. त्या वर्षी आमच्या संस्थेनं चंद्रलेपाची योजना काढली होती. दिसायला हा लेप चुन्यासारखा, लावायचाही चुन्यासारखाच, पण करामत वेगळी. प्रत्येक वस्तू डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांच्या रूपानं उष्णता बाहेर टाकत असते. हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड हे किरण वाटेतच अडवतात, म्हणून ताप जमिनीजवळ घुटमळत राहतो. पण या किरणांचा एक छोटासा पट्टा, आठ ते तेरा मायक्रॉन तरंगलांबीचा, हवा जवळजवळ अडवतच नाही. आकाशाला ठेवलेली एक खिडकीच म्हणा ती. खिडकीपलीकडे अंतराळ, उणे दोनशे सत्तर अंश. चंद्रलेपातले चुनखडीचे आणि बराइट या खनिजाचे बारीक कण शंभरातले अठ्ठ्याण्णव भाग ऊन परत उधळतात आणि छपरातली उष्णता नेमकी त्या खिडकीतून बाहेर सोडून देतात. त्यामुळे भर दुपारी, डोक्यावर सूर्य असताना, छप्पर भोवतालच्या हवेपेक्षा चार-पाच अंश गार राहतं. वीज लागत नाही, पाणी लागत नाही, मोटार तर नाहीच. हवा जितकी कोरडी आणि आभाळ जितकं मोकळं, तितकी ही खिडकी स्वच्छ. आमच्या दुष्काळी पट्ट्यात या दोनच गोष्टी मुबलक आहेत.

छप्पर गार म्हणजे घर गार, घर गार म्हणजे कूलर बंद, कूलर बंद म्हणजे डीपीवरचा, म्हणजे गावाच्या ट्रान्सफॉर्मरवरचा, भार निम्मा. चिलारवाडीच्या गावठाणातली डीपी मे महिन्यात रोज दुपारी अडीचला मान टाकायची. भार उतरला, की शाळेच्या मैदानात उभ्या केलेल्या संस्थेच्या सौर पॅनलांना जोडून एक मोठी बॅटरी बसणार होती. मग गाव चोवीस तास स्वतःच्या उन्हावर चालणार. अट एकच. एका डीपीवरची सगळीच्या सगळी घरं योजनेत हवीत. मागे एका गावात निम्मीच घरं आली, उरलेल्यांनी कूलर चालवून बॅटरीची वीज फुकटात खाल्ली आणि वार्षिक सभेत खुर्च्या उचलल्या गेल्या. तेव्हापासून ठराव झाला, सगळी घरं नाहीतर बॅटरी नाही.

चिलारवाडीच्या डीपीवर चौसष्ट घरं. त्रेसष्ट घरांनी तीन आठवड्यांत सह्या केल्या. माझ्या अर्जात तेरावा प्रश्न होता, ‘आपल्या गच्चीचा सध्याचा वापर’. त्रेसष्टच्या त्रेसष्ट घरांनी लिहिलं होतं, ‘काही नाही’. एप्रिल संपेपर्यंत त्रेसष्ट गच्च्या लेपून पांढऱ्याशुभ्र झाल्या.

चौसष्टावं घर माझ्या सासूबाईंचं.

शालनमामी म्हणजे साठीच्या पुढच्या, काटक, बोलायला मोजक्या. सासऱ्यांना जाऊन सात वर्षं झाली होती, दोन खोल्या आणि वरची प्रशस्त गच्ची एवढाच त्यांचा संसार. मी त्यांना मामी म्हणतो, त्या मला पाव्हणं म्हणतात. लग्नाला दहा वर्षं होऊनही त्या माझ्यासमोर खुर्चीवर बसलेल्या मी पाहिल्या नव्हत्या. चंद्रलेपाचं मी पहिल्यांदा बोललो तेव्हा त्या दाराच्या चौकटीला टेकून सगळं ऐकत होत्या.

“बघू की, पाव्हणं. तुमी म्हंताय म्हंजी चांगलंच असंल,” त्या म्हणाल्या आणि आत जाऊन शिरा घेऊन आल्या.

दुसऱ्यांदा गेलो, तेव्हाही “बघू की” आणि शिरा. अशा माझ्या आठ फेऱ्या झाल्या आणि आठ वेळा शिरा झाला. माझा पट्टा एक भोक पुढे सरकला, योजना जागच्या जागी.

“आईला नको असेल,” तृप्ती म्हणाली. तृप्ती माझी बायको, तालुक्याच्या शाळेत विज्ञान शिकवते.

“मग तसं म्हणू दे ना. मी काय खाणार आहे का त्यांना?”

“तुला? आई तुला नाही म्हणणार?” ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जशी ती तोंडी परीक्षेत गप्प बसलेल्या मुलाकडे बघते. मला काही कळलं नाही. विषय तिथेच राहिला.

मेच्या मध्यावर संस्थेचे चेअरमन सर्जेराव बर्गे यांनी मला बोलावून घेतलं. बर्गेसाहेब माणूस दिलदार, पण आवाज असा की शेजारच्या खोलीतला टंकलेखक दचकून चुकीचं अक्षर दाबतो.

“भोईटे, बॅटरी महिनाअखेरीस ट्रकवर चढणार. चिलारवाडीचं झालं नाही तर ती पुढच्या गावाला. आणि अडलंय कुणाच्या दारात? तुमच्याच सासूबाईंच्या! लोक काय म्हणतील?”

“साहेब, त्या नाही म्हणत नाहीत.”

“मग हो म्हणायला लावा! धोंड्याचा महिना सुरू होतोय उद्यापासून. जावई आहात का कोण आहात?”

त्यांनी हे चेष्टेत म्हटलं होतं. माझ्या डोक्यात मात्र ते घर करून बसलं.

दर तीन वर्षांनी येणारा अधिक महिना म्हणजे आम्हा जावयांची सुगी. सासुरवाडीचं जेवण, चांदीच्या वाटीत दिवा, तेहेतीस अनारशांचं वाण, वर जावयाच्या आवडीची एखादी वस्तू. महिना लागल्याच्या दुसऱ्याच दिवशी मामींनी, रीतीप्रमाणे, तृप्तीच्या तोंडून विचारलं.

“तृप्ते, पाव्हण्यांस्नी इचार, काय घ्यावं औंदा? घड्याळ का अंगठी?”

मी समोरच बसलो होतो. तृप्तीनं माझ्याकडे वळावं याची वाटही न बघता मी म्हणालो, “मामी, मला घड्याळ नको. मला गच्ची द्या.”

मामी धान्य निवडत होत्या. त्यांचा हात सुपात तसाच राहिला. मग त्या म्हणाल्या, “दिली.”

तृप्ती उठून आत गेली. त्या रात्री ती माझ्याशी फक्त मीठ-पाण्यापुरतं बोलली. मी मात्र खुशीत बर्गेसाहेबांना फोन केला. आज ते आठवलं की मला माझीच लाज वाटते.

लेप लावायच्या दिवशी मामींनी गच्ची स्वतः झाडली. कोपऱ्यात गुळगुळीत दगड रचलेले होते, नदीतून निवडून आणलेले, मुठीएवढे, पन्नासएक तरी असतील. ते एकेक करून त्यांनी खाली नेले आणि तुळशीपाशी ओळीनं मांडले. जुन्या सुती साड्यांचं एक गाठोडंही खाली गेलं. मी विचारलं, “हे कशाला लागतं?” त्या म्हणाल्या, “काय न्हाई, आसंच.” तेराव्या प्रश्नाचं उत्तर मला तोंडी मिळालं होतं, आणि मी ते खरंही मानलं.

तीन दिवसांनी मी तापमान मोजायला गेलो. हवा बेचाळीस अंश, गच्ची सदतीस. मी गुडघ्यावर बसून त्या गार पांढऱ्या फरशीवर तळहात टेकवला आणि मला खरंच आनंदानं हसू फुटलं. खाली मामींच्या स्वयंपाकघरात पंखा बंद होता. एवढ्यात जिन्यावर बांगड्या वाजल्या. शेजारच्या हिराक्का आणि आणखी चौघीजणी, प्रत्येकीच्या हातात फडक्यानं धरलेलं वाफाळतं पातेलं आणि काखेत सोऱ्या. पातेल्यांत कुरडयांचा शिजलेला चीक होता. गहू तीन दिवस भिजवायचे, वाटायचे, चीक काढून शिजवायचा आणि गरम आहे तोवर कडक उन्हात सोऱ्यानं कुरडया घालायच्या. तो थांबत नाही कुणासाठी. त्या वर्षी एप्रिलभर वळवाच्या पावसानं खेळ मांडला होता, म्हणून सगळ्यांचंच वाळवण लांबलेलं.

हिराक्कांनी गच्चीवर अनवाणी पाऊल टाकलं आणि किंचाळल्या, “आगं बया! गार!”

मागून मामी वर आल्या. “अंथरायचं न्हाई आता हितं,” त्या शांतपणे म्हणाल्या. “पाव्हण्यांस्नी दिलीया.”

पाचही जणींनी माझ्याकडे पाहिलं. पातेली आली तशी खाली गेली.

मी मागोमाग धावलो आणि हिराक्कांना त्यांच्या दारात गाठलं. “अहो, पण तुम्ही तुमच्या गच्चीवर का नाही घालत?”

“आमच्या गच्चीला तुमीच की चुना फासलाय, पाव्हणं.”

“हो, पण तुम्ही अर्जावर लिहिलंत, वापर काही नाही!”

हिराक्कांनी पातेलं खाली ठेवलं. बोलू का नको, असं त्यांचं चाललेलं दिसत होतं. शेवटी चिकानं निकाल लावला, तो घट्ट होत चालला होता. “आवं, गावचा जावई दारात यून इचारतोय, गच्ची देता का. न्हाई कसं म्हनायचं? मी म्हटलं, माझी जाऊ दे, वाळवनाला शालनची हाय की. पल्याड रखमानं बी तसंच म्हटलं. सगळ्यांनीच तसं म्हटलं. शालनलाच काय ते ठावं हुतं, म्हून ती धरून बसली हुती. सोत्तासाठी न्हवं, पाव्हणं. तिचं एकटीचं वाळवण असून असून किती असणार?”

मी रस्त्यात उभाच राहिलो. त्रेसष्ट घरांनी आपापली गच्ची मला दिली होती ती एका गच्चीच्या भरवशावर, आणि ती चौसष्टावी मी धोंड्याचं वाण म्हणून मागून घेतली होती. माझं समजावून सांगणं प्रभावी नव्हतं. गावच्या जावयाला कोणी नाही म्हणत नाही, एवढंच होतं. आणि पाऊस पंधरा-वीस दिवसांवर आलेला असताना अख्ख्या चिलारवाडीत तापणारी एकही गच्ची उरली नव्हती.

पुढचे काही दिवस गावानं मला न दुखावता खूप धडपड केली. कुणी अंगणात बाजा टाकल्या, तर शेळीनं अर्धी बाज चघळली आणि रस्त्याची धूळ बसली ती वेगळी. कुणी लेपावरच फडकं टाकून पाहिलं, तर कुरडया वरून कडक आणि खालून ओल्या, दुसऱ्या दिवशी आंबट. घरं मात्र गार होती. डीपीनं मान टाकणं बंद केलं. बॅटरी आली, नारळ फुटला, पेढे वाटले, पोरं रात्री पंख्याखाली गाढ झोपू लागली. सगळे माझं कौतुक करत होते आणि मला ते कौतुक बोचत होतं. कारण इतर वर्षी मेमध्ये मामींच्या गच्चीवर दिवसभर हसणं-खिदळणं चाले. तृप्ती म्हणाली, वडील गेल्यावर आईला त्या गच्चीनंच उभं केलं. आता मामी खाली एकट्या बसून असत, समोर तुळशीपाशी दगडांची ती ओळ.

मी गेलो. “मामी, मला सांगायचं होतंत.”

“तुमी मागितलं, पाव्हणं.”

“मग आता परत घ्या. मी लेप खरवडून काढतो. बर्गेसाहेबांना काय सांगायचं ते मी सांगीन.”

त्यांना खरोखर धक्का बसला. “दिल्यालं परत घेत्यात व्हय? आन् गावाची बॅटरी? पोरं निजायला लागल्यात रातची. न्हाई घ्यायची.” आणि लगेच, जणू काही फार बोलून गेल्या असं वाटून, “शिरा करते, बसा.” त्या दिवशी मला तो शिरा डोळ्यांतलं पाणी गिळत खावा लागला.

आता खरी गंमत. जूनच्या पाच तारखेला मी कार्यालयात चिलारवाडीच्या सौर पॅनलांची आकडेवारी बघत होतो. मैदानात पॅनलांच्या सहा ओळी आहेत, सगळ्या एकाच कंपनीच्या, एकाच दिवशी बसवलेल्या. पाच ओळी सारख्या चालल्या होत्या आणि चौथी ओळ दुपारी बारा ते तीन या वेळात साडेचार टक्के जास्त वीज देत होती. कमी दिली असती तर धूळ म्हटलं असतं. जास्त? पॅनल काही हौसेनं जास्त काम करत नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. मी ठरवलं, मीटर बिघडला. मोटारसायकल काढली. बर्गेसाहेब त्याच बाजूला निघाले होते, ते मागे बसले आणि वाटभर मीटर कंपनीच्या नावानं बोटं मोडत होते.

मैदानाच्या फाटकावर ‘प्रवेश बंद’ची पाटी होती आणि फाटक सताड उघडं होतं. राखणदार सावलीत बसून काहीतरी खात होता. आम्हाला बघून त्यानं वाटी पाठीमागे लपवली.

चौथ्या ओळीपाशी आलो आणि मला आधी दिसले ते दगड. गुळगुळीत, मुठीएवढे. ओळीच्या मागच्या बाजूला पॅनलांच्या चौकटीपासून खाली जमिनीकडे जुन्या साड्या ताणून बांधल्या होत्या, खालून हातभर जागा मोकळी, वरही मोकळी, आणि साड्यांची टोकं तेवढी जमिनीपर्यंत ओढून, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून त्यांवर ते दगड ठेवलेले. मी एक साडी बाजूला केली. आत तिरक्या पॅनलांच्या पोटाखाली बाजांवर, खाटांवर, शाळेच्या जुन्या बाकांवर कुरडयाच कुरडया, सांडगे, तांदळाचे पापड. आणि चौदा-पंधरा बायका. मधोमध शालनमामी, पदर खोचून, हातात सोऱ्या.

“कुरडया?” बर्गेसाहेब ओरडले. “माझ्या पॅनलाखाली कुरडया?”

मामी चेहरा पाडून म्हणाल्या, “पाव्हणं, वायरीला हात लावल्याला न्हाई. राखणदाराला इचारून वायरीपास्नं दीड हात लांब मांडलंया. गच्चीवर काय बी टाकलं न्हाई.”

“मामी, पण इथे का?”

“बॅटरीच्या नारळाला आलो हुतो, तवा हिथं टेकले. पाठीला भट्टीवानी झळ लागली. वर हात करून बघितला, तर पॅनलाच्या पोटाला चटका. म्हटलं, ही ऊब वायाच चाललीया.” त्यांनी सोऱ्या खाली ठेवला. “वाया घालवू नका म्हनून तुमीच सांगत फिरता न्हवं?”

मी हात वर केला. चौथ्या ओळीच्या साड्यांआडून ऊन ऊन कोरडा वारा खालून वर सरसर चालला होता. मग पाचव्या ओळीखाली गेलो. तिथे हवा कोंडून उभी, आणि पॅनलला हात लावला तर पोळला. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला आणि मी त्या मैदानात, चेअरमनसमोर, मोठमोठ्यानं हसायला लागलो.

“साहेब, मीटर ठीक आहे. पॅनलला ऊन हवं असतं, ताप नको असतो. दर दहा अंश तापलं की साडेतीन-चार टक्के वीज घटते. या पाच ओळी सत्तर अंशांवर भाजतायत. आणि चौथीला या बायकांनी साड्यांचं धुराडं बांधलंय. आतली हवा तापून वरून निघून जाते, खालून नवी ओढली जाते. जाता जाता ती कुरडया वाळवते आणि पॅनल बारा अंशांनी गार करते. आपण हे विकत घ्यायला गेलो असतो, तर त्यासाठी निविदा काढावी लागली असती!”

“म्हणजे फुकट वीज वाढली?”

“वीज वाढली आणि कुरडयाही वाळल्या. किती वेळात वाळतात, मामी?”

“गच्चीवर दोन दिस. हितं चार तास,” मामी म्हणाल्या. “आन् कावळा न्हाई की धूळ न्हाई.”

बर्गेसाहेब वाकून चौथ्या ओळीच्या पोटाखाली बघू लागले. हिराक्कांनी ही संधी साधून गरम चीक वाटीत घातला, वर दूध आणि साखर घातली आणि वाटी त्यांच्या हातात दिली. एवढा मोठा आवाज त्या दिवशी पहिल्यांदाच आम्ही बंद झालेला पाहिला. वाटी चाटून झाल्यावर ते म्हणाले, “बाकीच्या पाच ओळी रिकाम्या का ठेवल्यात?”

आठवड्याभरात सहाही ओळी साड्यांनी सजल्या. निळी, अबोली, इरकली काठाची, कुणाच्या लग्नातली विरलेली. पॅनल जास्त वीज देत होते आणि चौसष्ट घरांचं वर्षाचं वाळवण पाऊस पडायच्या आत डब्यांत पडत होतं. मैदानात दिवसभर हसण्याचा गलका. बसमधून जाणारे लोक माना काढून बघत. बर्गेसाहेबांनी ‘प्रवेश बंद’ची पाटी काढायला लावली आणि तिथे ‘चप्पल बाहेर काढावी’ अशी पाटी लावली.

अधिक महिन्याच्या शेवटच्या दिवसाच्या आदल्या दिवशी माझं धोंड्याचं जेवण झालं. मामींनी पानं मांडली ती गच्चीवर. दिवस मावळत होता, खाली रस्ता अजून वाफा टाकत होता आणि वर ती पांढरी फरशी पायांना अशी गार लागत होती की पोरं लोळण घेत होती. हिराक्का आणि बाकीच्या बायका वाढायला. बर्गेसाहेब खास पाहुणे. गच्चीवर पुन्हा बायकांची गर्दी झाली होती, पण मामी अजूनही कोपऱ्यात उभ्याच. त्यांनी दिवा लावून तेहेतीस अनारशांचं ताट माझ्यापुढे ठेवलं.

बर्गेसाहेबांनी मला डोळ्यानं खुणावलं. मी पिशवीतून आराखडा काढला. आम्ही दोघांनी मोठ्या उत्साहानं तो तयार केला होता. साड्यांच्या जागी पोलादी कपाटं, आत जाळीचे खण, तापमान मोजणारी यंत्रं, मोबाईलवर सूचना. सगळ्या डीपींसाठी एकच नमुना.

“मामी,” मी म्हणालो, “साड्या काढून ही कपाटं बसवायची म्हणतोय. तुम्ही फक्त हो म्हणा.”

मामींनी आराखडा हातात घेतला. दिव्याजवळ धरून नीट बघितला. मग घडी घालून माझ्या ताटाशेजारी ठेवला.

“न्हाई,” त्या म्हणाल्या.

तृप्तीच्या हातातली पळी वाजली. हिराक्कांनी तोंडावर पदर धरला. धोंड्याच्या ताटावर बसलेल्या जावयाला चिलारवाडीत कोणी नाही म्हटल्याचं कुणाच्याच ऐकिवात नव्हतं.

“न्हाई बसवायची,” मामी पुन्हा म्हणाल्या. “कपाटात एका टायमाला दोघीच हुभ्या ऱ्हातील. साडीच्या आड पंधरा जणी मावत्यात. आन् वारा किती सोडायचा ते साडी आवळून, सैल करून आमाला कळतंय. तुमचं यंत्र काय सांगणार?” आणि हे सगळं बोलून झाल्यावर त्या माझ्यासमोरच्या पाटावर मटकन बसल्या. “रागावला न्हाई नव्हं?”

मी आराखडा उचलला, चार तुकडे केले आणि बर्गेसाहेबांकडे बघून हसलो. मग वाकून मामींच्या पाया पडलो. “मामी, अकरा महिने मी या गावात फिरतोय. खरं काय ते आज पहिल्यांदा कळलं. असंच बोलत जा माझ्याशी.”

मग हिराक्का पुढे सरकल्या. “आता निघालंच हाय तर पाव्हणं, ती तुमची इंडक्शन शेगडी. भाकरी फुगत न्हाई तिच्यावर. मी माळ्यावर टाकलीया.”

“आन् त्यो नवा पंखा,” रखमाबाई म्हणाल्या, “वारा देतोय, पर कण्हतोय बघा.”

“फ्रीज म्होरं वढलाय, दार निम्मंच उघडतंय!” जिन्यातून कुणीतरी ओरडलं.

मी तृप्तीकडून पेन मागून घेतलं, फाटलेला आराखडा उलटा केला आणि तिथेच मांडी घालून लिहायला बसलो. मामी समोर पाटावर बसून होत्या आणि कुणी अडखळलं तर “सांग की गं” म्हणून पुढे ढकलत होत्या. ताटातले तेहेतीस अनारसे संपेपर्यंत माझ्याकडे एकोणीस तक्रारी जमा झाल्या होत्या. एवढं मोठं वाण त्या वर्षी दुसऱ्या कुठल्या जावयाला मिळालं असेल, असं मला नाही वाटत.